क्रॉस केबल विसरलेला टेक्निशियन

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे साडेबारा, ऊन असं की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं, आणि मी डोक्याला टॉवेल गुंडाळून सोलापुरातल्या अशोक चौकाकडं चाललेलो. माझं काम सीसीटीव्ही आणि नेटच्या वायरिंगचं, म्हणजे कारखाने, दुकानं, एखादं हॉस्पिटल. घरगुती कॉल मी शक्यतो घेत नाही, कारण घरचे लोक चहा तीनदा पाजतात आणि पैसे द्यायच्या वेळेला "आपलेच आहात की" म्हणतात. पण सकाळी फोन आला तोच विचित्र. समोरचा म्हणला, दोन प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला लावून खेळायची गेमची मशिन, एकमेकाला जोडायचेत, रेस लावायचीय. मी विचारलं फोर का फाईव्ह? तर म्हणला, टू.

प्लेस्टेशन टू! मला हसूच आलं. आमच्या वेळेला गल्लीत एका पोराकडं होता तेव्हा तासाला पैसे देऊन खेळायचो, दहा जण मागं उभे आणि दोघं खेळणार. म्हणलं चला, पैसे नाही मिळाले तर नाही, बघून तर येऊ.

घर म्हणजे पूर्व भागातलं टिपिकल घर. खाली टॉवेलचे माग, वर दोन मजले राहायला. मागाची खटखट इतकी की जिन्यात फोनवर बोलणं अशक्य. त्यात नेमका पाणी यायचा दिवस, म्हणजे घरातल्या सगळ्या बायका टाक्या आणि पिंपं भरण्यात, मला कोण बघतंय. शेवटी म्हातारे मामाच खाली आले. सत्तरीच्या पुढचे, पांढरं धोतर, जाड काचेचा चष्मा. "या या, पोरं वर हायती." पोरं म्हणजे काय, त्यांचे दोन मुलगे, थोरला पंचेचाळीसचा, माग तोच बघतो, आणि धाकटा चाळिशीचा, पुण्यात आयटीत, सुट्टीला आलेला. माळ्यावर साफसफाई करताना दोन खोकी सापडली, दोघांचे जुने प्लेस्टेशन, दोन्ही स्लिम म्हणजे नंतरचं बारीक मॉडेल, आणि तेव्हापासून दोघांचं डोकं फिरलेलं.

आता एका टीव्हीवर दोघं खेळता येतंच की, वर एक गाडी खाली एक गाडी. पण तेच त्यांना नको होतं. थोरला म्हणला, "ह्यो बे माझ्या अर्ध्यात बघून ब्रेक मारतंय, लहानपणापासनं." धाकटा म्हणला, "तू माझ्यात बघून मारतोस." म्हणून थोरला पहिल्या मजल्यावर, धाकटा दुसऱ्या मजल्यावर, आपापला टीव्ही, मधे केबल. ही आयडिया मला मनापासून आवडली, खोटं कशाला बोलू.

गेम होती ग्रान तुरिस्मो, गाड्यांच्या रेसची. आणि पहिली गडबड तिथंच. धाकट्याकडं ग्रान तुरिस्मो फोरची डिस्क, थोरल्याकडं थ्रीची. थोरल्याचं म्हणणं, "तीच तर गेम हाय, एक नंबर कमी हाय इतकंच." अहो कसं चालंल? एक तर दोन्ही मशिनमधे एकच गेम पाहिजे, आणि डिस्क पण दोन पाहिजेत, प्रत्येक मशिनला स्वतःची, एका डिस्कवर दोन मशिन चालत नाहीत. दुसरं म्हणजे २००१ सालच्या थ्रीमधे दोन मशिन जोडायची सोय होती, पण ती आय-लिंक नावाच्या वेगळ्या केबलनं. ते आय-लिंकचं छोटं भोक सुरुवातीच्या जाड्या मॉडेलला पुढच्या बाजूला असायचं, पुढं कंपनीनं ते काढूनच टाकलं. स्लिमला ते नाहीच. स्लिमला मागं नेटचं पोर्ट आहे, आणि फोरमधे त्या पोर्टवरनं लॅनवर, म्हणजे केबलनं जोडलेल्या मशिनमधे, रेस लावता येते, सहा मशिनपर्यंत. म्हणजे फोरची अजून एक डिस्क पाहिजे.

जुळे सोलापुरात माझा एक दोस्त आहे, त्यानं एकेकाळी गेम पार्लर चालवलेलं, त्याच्याकडं अजून डिस्कचे दोन डबे पडलेत. फोन केला, मिळाली. उन्हात परत तिथं जाऊन यायचं म्हणजे जिवावर आलेलं, पण थोरल्यानं कारखान्यातलं पोरगं गाडीवर पाठवलं.

तोपर्यंत मी मशिन बघितले. धाकट्याचं सरळ चालू झालं, फक्त तारीख आणि वेळ परत सेट करायला लावली, कारण आतला बटन सेल मेलेला. थोरल्याचा अडॅप्टर हरवलेला आणि त्यानं ड्रॉवरमधनं बारा व्होल्टचा कुठला तरी अडॅप्टर काढून ठेवलेला, पिन बसती का बघत होता. मी ओरडलोच. स्लिमला साडेआठ व्होल्ट लागतात, बारा दिला असता तर माझं काम तिथंच संपलं असतं. ओरिजनल अडॅप्टर नंतर देवघराच्या कपाटात सापडला, तिथं कसा गेला ते देवालाच माहीत.

डिस्क आली तर थोरल्याचं मशिन ती वाचंना. झाकण उघडलं तर लेन्सवर कापसाचं तूस. खाली माग आणि वर गेम म्हणल्यावर होणारच, त्या घरात फॅनच्या पात्यावर पण तूस होतं. कानाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे बुडवून हलकं पुसलं. तरी दोनदा अडकली. ह्या गेमची डिस्क डबल लेयरची, म्हणजे दोन थरांची आहे आणि म्हाताऱ्या लेन्सला तीच जड जाते. तिसऱ्यांदा वाचली. थोरल्यानं मशिनला हात जोडले.

आता केबल. इथनं पुढं जे झालं त्यात चूक शंभर टक्के माझी.

मी ऐटीत म्हणलो, दोनच मशिन आहेत, मधे नेटवर्कचा स्विच, म्हणजे केबली जोडायचा डबा, कशाला वाया घालवायचा, डायरेक्ट वायर टाकतो. जिन्याच्या कडेनं वीस-बावीस मीटर केबल ओढली, मागाच्या थ्री फेजच्या वायरपासनं लांब ठेवली, दोन्ही टोकांना जॅक मारले, माझ्या नेहमीच्या क्रमानं. ऑरेंज-व्हाईट, ऑरेंज, ग्रीन-व्हाईट, ब्लू, ब्लू-व्हाईट, ग्रीन, ब्राऊन-व्हाईट, ब्राऊन. हा क्रम मला झोपेत विचारा. लावलं. दोन्हीकडं लॅन रेस उघडली. एकाला दुसरा दिसंना.

केबल काढली, लावली. मशिन बंद केले, चालू केले. कॅमेऱ्याच्या सवयीनं डोक्यात एकच, आयपी, आयपी, म्हणजे मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता. मेनूत शोधतोय, वरनं खाली, खालनं वर, त्या जिन्यावर मी किमान पंधरा चकरा मारल्या असतील. धाकटा आयटीवाला, तो पण सुरू झाला, राऊटर लावू का, हे करू का ते करू का. दोन शहाणे एका जागी आले की साधी गोष्ट कुणालाच सुचत नाही. पाऊण तासानं जिन्यातच मला आठवलं आणि मी कपाळावर हात मारला. क्रॉस केबल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केबलमधे आठ तारा असल्या तरी ह्या जुन्या स्पीडला चारच कामाला येतात. मशिन एक आणि दोन नंबरवरनं बोलतं आणि तीन आणि सहा नंबरवरनं ऐकतं. स्विच मधे असला की बोलण्या-ऐकण्याची अदलाबदल तो करतो. पण दोन सारखे मशिन सरळ वायरनं समोरासमोर जोडले की ह्याचं तोंड त्याच्या तोंडाला आणि ह्याचा कान त्याच्या कानाला. दोघंपण बोलतात, ऐकायला कुणीच नाही. आताची बहुतेक यंत्रं स्वतःच ओळखून अदलाबदल करून घेतात, म्हणून मी गेल्या कित्येक वर्षांत क्रॉस केबल केलीच नव्हती. ह्या जमान्यातल्या मशिनला ती लाडाची सोय नाही. शिकताना पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट, आणि मी पाऊण तास आयपी शोधत बसलेलो.

मग काय, एक टोक कापलं आणि त्याला दुसरा क्रम मारला, हिरव्याच्या जागी केशरी, केशरीच्या जागी हिरवा. लावलं. तरीपण नाही!

आता मात्र घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. केबल तपासायचा टेस्टर काढला तर टेस्टरची बॅटरी गेलेली. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, घरात कुणाकडं असणार. स्विच गाडीला लावलेल्या बॅगेत असंल म्हणून खाली गेलो तर तो आदल्या दिवशी एमआयडीसीतल्या साईटवर विसरलेला. त्यात लाईट गेली. माग थांबले आणि एकदम अशी शांतता झाली की पिंपात पडणारं पाणी ऐकू यायला लागलं.

मी जिन्यातच बसलो, हातात ते केबलचं टोक. मामा शेजारच्या पायरीवर येऊन टेकले. ह्यांनी उमेदीची वर्षं मिलमधे काढलेली, बीमच्या, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेल्या उभ्या धाग्यांच्या, तारा फणीतनं ओढायचं काम. म्हणजे हजारो तारा, एकेक हातानं, ठरलेल्या क्रमानं. एक जरी इकडची तिकडं झाली तर अख्ख्या कापडावर शेवटपर्यंत रेघ उमटती. मामांनी ते टोक माझ्या हातातनं घेतलं, चष्मा वर केला आणि डोळ्याजवळ धरलं.

"ह्ये काय करलालाव?"

"तारा आहेत मामा, आठ. रंगाप्रमाणं लावायच्या असतात."

"जोडीजोडीनं पिळल्यात की ह्या."

"हो. चार जोड्या."

"मग हिचा जोडीदार ह्यो न्हवं."

मी म्हणलो मामा असं कसं, बरोबर मारलंय. मामा काही बोलले नाहीत, नखानं वरचं जाड आवरण थोडं मागं सारलं आणि एका पांढऱ्या तारेवर बोट ठेवून पीळ मागं-मागं नेत गेले. हिरव्याभोवती पिळलेली पांढरी जायला पाहिजे होती एक नंबरला. ती गेलेली तीन नंबरला. आणि केशरीची पांढरी गेलेली एक नंबरला. त्या स्वस्तातल्या केबलमधे पांढऱ्या तारेवरची रंगाची रेघ इतकी फिकट असती की पीळ सोडल्यावर चारी पांढऱ्या सारख्याच दिसतात, आणि जिन्यातल्या अंधारात, घाईत, मी दोन पांढऱ्यांची अदलाबदल केलेली. मामांना केबल म्हणजे काय, नेट म्हणजे काय, काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रंग बघितलाच नाही, पीळ बघितला.

"आमच्यात असं झालं तर मुकादम समदं परत ओढाय लावायचा," इतकंच म्हणले आणि पिंपं भरली का बघायला गेले.

टोक परत कापलं. ह्या वेळेला पीळ सोडायच्या आधी प्रत्येक पांढरीला तिच्या जोडीदारासोबतच धरून ठेवलं. जॅक मारला. लाईट यायला अजून वीस मिनिटं लागली, तेवढ्यात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही झालं माझं. लाईट आली, माग सुरू झाले, मशिन सुरू केले, आणि वरनं धाकट्याची आरोळी आली, "दिसला बे! दिसला!" त्या आवाजात मागाची खटखट पण दबली.

मला वाटलं झालं काम. कसलं काय. पहिल्या तीन रेस थोरला हरला, आणि थोडा नाही, चांगला हरला. ट्रायल माऊंटन नावाच्या ट्रॅकवर तर पहिल्याच वळणाला भिंतीवर. तो वर आला, म्हणला, "बटन दाबल्यावर गाडी उशिरा वळायली." धाकटा हसला. मी पण आधी हसलो, हरणारा माणूस काहीही म्हणतो. पण खाली जाऊन स्वतः कंट्रोलर हातात घेतला तर खरंच, काहीतरी चिकट वाटत होतं. मग टीव्हीकडं लक्ष गेलं. वर धाकट्याकडं जुना डबा टीव्ही, काचेच्या ट्यूबचा. खाली थोरल्याकडं नवा मोठा एलईडी, ज्याला पिवळा-पांढरा-लाल जॅक पण नव्हता, मी एक छोटी कन्व्हर्टर केबल लावून चित्र आणलेलं. डबा टीव्ही सिग्नल आला की तसाच दाखवतो. एलईडी मात्र त्या जुन्या चित्राला आधी ताणणार, गुळगुळीत करणार, मग दाखवणार, आणि त्यात जो क्षण जातो तो वळणावर भारी पडतो. सिनेमा बघताना हे कळत पण नाही. सेटिंगमधे गेम मोड शोधून चालू केला, बाकीचं सगळं सुशोभीकरण बंद केलं. चिकटपणा कमी झाला, गेला नाही.

थोरला म्हणला मग टीव्ही बदलू. धाकटा म्हणला का म्हणून, माझ्या खोलीतला आहे. इथनं पुढं ते दोघं ज्या भाषेत भांडले ती अर्धी तेलुगू अर्धी मराठी, मला अर्धंच कळलं आणि तेवढं पुरलं. शेवटी मामींनी खालनं आवाज दिला तेव्हा गप्प झाले. बदलून खेळले, थोरला एक जिंकला, एक हरला.

पैसे घ्यायची वेळ आली तर मी म्हणलो केबल आणि जॅकचे द्या, मजुरी नको, तीन तास माझ्याच चुकीचे आहेत. मामांनी ऐकलं नाही. सातशे रुपये आणि कारखान्यातले दोन टॉवेल पिशवीत घालून दिले. टॉवेल घेतले, लाज वाटली तरी.

आठ दिवसांनी थोरल्याचा फोन. "ओ, अजून एक डबा टीव्ही मिळंल का कुठं?" धाकट्यानं सुट्टी वाढवलेली म्हणे. भंगारवाल्याकडं एक एकवीस इंची मिळाला, चालू कंडिशन, पाचशे रुपये. ते धूड मी आणि कारखान्यातलं पोरगं दोघांनी मिळून पहिल्या मजल्यावर चढवलं, दोनदा टेकवलं, कंबर गेली. लावला. आता दोन्हीकडं सारखे टीव्ही, सारखी गेम, केबल मामांनी तपासलेली. थोरला खुर्ची सरकवून बसला, बाह्या वर केल्या, आणि सलग चार रेस हरला.

जिन्यानं वर आला, कंट्रोलर माझ्यासमोर धरला आणि म्हणला, "ह्याचं हे बटन जरा चिकटायलंय बघा."