रिचमंडची वाट आणि वर्ध्याचा कापूस

सकाळी साडेसातला अमेरिकेतल्या रिचमंड शहरात, जेम्स नदीकाठी, मँचेस्टर डॉक्सच्या पार्किंगमध्ये आम्ही अठराजण जमलो. बाप्टिस्ट चर्चच्या दोन आजी, काही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती, सिनेगॉगमधलं एक ज्यू जोडपं, मशिदीतले तिघे आणि एक बौद्ध भिक्षुणी. तिच्या हातात पंख्यासारखा डफ. तिने टिपरू मारलं, 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' सुरू केलं आणि मी चकितच झाले. मी वर्ध्याची. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत 'नम्यो हो रेंगे क्यो' लहानपणापासून म्हणत आले, अर्थ न विचारता! जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हापासूनचं हे नातं. त्यांच्याच निप्पोन्झान म्योहोजी पंथाच्या पुढाकाराने १९९८ साली निरनिराळ्या धर्मांचे लोक मॅसॅच्युसेट्समधल्या लेव्हरेटच्या शांती स्तूपापासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत चालत गेले, पुढे कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकेलाही. गुलामांना ज्या वाटेने आणलं, तिच्यावरून उलटं. आमची फेरी त्याची चिमुकली नक्कल, जेमतेम तीन मैलांची.

व्हर्जिनियाच्या या शहरातला 'स्लेव्ह ट्रेल', म्हणजे गुलामांना ज्या वाटेने नेलं जायचं ती वाट, कोणीही चालू शकतं. वाटेत १७ फलक आहेत. सुरुवातीचा टप्पा नदीकाठच्या झाडीतला: पावसानंतर चिखल असतो आणि पॉयझन आयव्ही ही अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल दोन्ही बाजूंनी अंगावर येते, म्हणून पूर्ण पँट आणि बंद बूट. चपला घालून आलेला एक मुलगा पहिल्याच मैलात बसला. पुढे मेयो ब्रिज लागतो. तो १९१३ चा आहे, त्यामुळे निघण्याआधी तो चालू आहे ना, एवढं पाहून घ्या. वाटेत संडासाची सोय धरू नका.

मी फलकाचा फोटो काढत होते तेव्हा चर्चमधली एक आजी म्हणाली, "आधी वाच, मग फोटो काढ." मग वाचलं. १८०८ मध्ये अमेरिकेने आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी घातली, पण देशातल्या देशात विक्री चालूच राहिली, आणि न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोठा बाजार रिचमंडचा. इथून बोटीने दक्षिणेकडे, कापसाच्या मळ्यांवर.

नवऱ्याने निघताना विचारलं होतं, "आपला काय संबंध?" पुलावर उत्तर सापडलं. १८६१ ला इथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला आणि इंग्रजांच्या गिरण्यांनी वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाकडे धाव घेतली. हिंगणघाटच्या बाजाराचं नाव आमच्या घरात अभिमानाने निघतं. त्या तेजीच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

मेन स्ट्रीटवर २००७ चा 'रिकन्सिलिएशन' (समेट) पुतळा लागतो, मिठी मारलेल्या दोन आकृत्या. तसाच एक याच व्यापारात गुंतलेल्या लिव्हरपूलला, एक पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये. खरं सांगायचं तर मला ती मिठी घाईची वाटली. त्यापेक्षा कॅनॉल वॉकवरची ती पेटीची प्रतिकृती बघाच. १८४९ मध्ये हेन्री 'बॉक्स' ब्राऊन या गुलामाने सुटकेसाठी स्वतःला लाकडी पेटीत बंद करून फिलाडेल्फियाला पार्सल करवून घेतलं: लांबी तीन फूट, रुंदी दोन, २७ तास. मी तिच्याशेजारी उकिडवी बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला लागले, मान वाकली. दोन मिनिटांत उठले.

लम्पकिन्स जेलपाशी, म्हणजे गुलामांचा व्यापारी रॉबर्ट लम्पकिनच्या तुरुंगाच्या जागी, बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. २००८ ला उत्खनन झालं, पाया सापडला आणि पुन्हा मातीखाली गेला. पण लम्पकिन मेल्यावर त्याच्या मुलांची आई मेरी, जी त्याचीच गुलाम होती, तिच्याकडे हा तुरुंग आला आणि १८६७ मध्ये तिने तो मुक्त झालेल्यांच्या शाळेला भाड्याने दिला. त्याच शाळेतून आजचं व्हर्जिनिया युनियन विद्यापीठ उभं राहिलं. या गोष्टीसाठी तरी तिथे थांबा.

शेवटी आफ्रिकन दफनभूमी. २०११ पर्यंत तिच्यावर गाड्या लागायच्या, आता गवत आहे. शेजारून आंतरराज्य महामार्ग ९५ जातो आणि त्याच्या घरघरीत डफ ऐकूच येईना. भिक्षुणी वाजवतच राहिली. आजीने पाण्याची बाटली उघडली, थोडं गवतावर ओतलं, थोडं स्वतः प्यायली आणि उरलेलं माझ्या हातात दिलं.

परत जायला मेन स्ट्रीट स्टेशनजवळून टॅक्सी मिळते. आम्ही मात्र गाड्या डॉक्सवर असल्याने तीच तीन मैल परत चाललो. एक गाडी आधीच या टोकाला आणून ठेवा.