फाट्यावर उतरणारे

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची गावं मोठी मानी. पाहुण्याला घ्यायला थोरल्याने स्वतः न येता धाकट्याला नाक्यावर पाठवावं, तसा प्रत्येक गावाने आपापला फाटा पुढे पाठवलेला. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून एसटी निघते, दहिसर चेकनाका जातो, घोडबंदरला खाडी ओलांडली की लागलेच एकामागून एक: चिंचोटी फाटा, वसई फाटा, विरार फाटा, शिरसाड फाटा. विरार फाट्यावर उतरून विरार शोधणाऱ्याने मुकाट्याने रिक्षात बसावं. स्टेशन अजून बरंच लांब आहे.

मूळ भानगड रेल्वेची. विरारहून मुंबईची लोकल 1867 सालीच सुटायला लागली आणि गावं स्टेशनाभोवती वाढली. रस्ता मात्र पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या कडेकडेने गेला. पालघरला 2014 साली जिल्ह्याचा मान मिळाला, तरी हायवेने जाणाऱ्याला अजून मनोरला वळून वीसेक किलोमीटर पश्चिमेला जावं लागतं. डहाणूचंही तेच, वळायचं तेवढं चारोटीला.

मला स्वतःला गावापेक्षा फाटाच आवडतो. एक वडापावची गाडी, पंक्चरवाला, आत जायला माणसं भरेपर्यंत न हलणारी इको व्हॅन. उन्हाळ्यात ताडगोळे घेऊन बसलेल्या बाया, पावसाच्या तोंडावर शेवळाच्या रानभाजीच्या जुड्या. शेवळं कशी करायची ते विचारा. काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल, हेही फुकट सांगतात. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला चारोटीला जी गर्दी उसळते, तिच्यापुढे दादर फिकं. (दादरकरांनी रागावू नये.)

रस्त्याचा क्रमांक 8 होता, तो 48 झाला. फाट्यावर कुणाला पत्ताही नाही, सगळे नुसतं 'हायवे' म्हणतात. खरी पंचाईत उड्डाणपुलांनी केली. गाडी वरून गेली की फाटा खाली राहतो. म्हणून पूल दिसायला लागला की एसटीत कुजबुज सुरू होते, आणि कंडक्टर ओरडतो, "फाट्याचं कोण हाय का? नायतर वरून घेतो!"

"थांबा, थांबा, मी हाय!" मागच्या सीटवरच्या मावशी पिशव्या गोळा करायला लागतात.

"आधी नाय सांगायचं व्हय, मावशी?"

"तिकीट तूच फाडलंस ना रे?"

गाडी पुलाखालून जाते.