तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडू हातात, मग फुटबॉल कसा?

मी न्यू जर्सीत राहतो. भारतातून कोणी पाहुणे आले आणि घरात अमेरिकन फुटबॉलचा सामना लागलेला असला, की एक प्रश्न हमखास येतो: चेंडू हातात धरून पळतात, तर याला फुटबॉल म्हणायचे कशाला? घाईत दिलेल्या उत्तराने माझे समाधान होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. त्यासाठी १८६९ सालच्या न्यू ब्रन्सविक गावात जावे लागते.

त्या वर्षी ६ नोव्हेंबरला, शनिवारी, प्रिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी आगगाडीने तेथल्या रटगर्स कॉलेजात खेळायला आले. अमेरिकेतील दोन कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना म्हणून हाच सामना ओळखला जातो. दोन्हीकडे पंचवीस-पंचवीस खेळाडू होते. नियम यजमानांचे, आणि ते लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांना जवळचे होते: चेंडू लाथेने मारावा, हाताने टोलवला तरी चालेल, पण तो धरून पळायचे नाही आणि फेकायचाही नाही. दहा गोल झाले की सामना संपणार होता. थोडक्यात, त्या दिवशीचे फुटबॉल हे नाव अगदी शब्दशः खरे होते.

त्या दुपारची वर्णने मी अनेकदा वाचली आहेत आणि दर वेळी त्यात रमतो. कोणाच्याच अंगावर गणवेश नव्हता. कोट आणि टोप्या काढून ठेवून मंडळी मैदानात उतरली आणि आपली माणसे ओळखू यावीत म्हणून रटगर्सच्या काही जणांनी डोक्याला लाल रुमाल गुंडाळले. चेंडू गोल असायला हवा होता, पण तो नीट फुगतच नसे. मग खेळ थांबवून बाजूला ठेवलेली छोटी किल्ली मागवायची, चेंडूत दडवलेली नळी उघडायची आणि आळीपाळीने तोंडाने हवा भरायची. शेवटचा माणूस दमला, की चेंडू जसा असेल तसा, वाकडातिकडाच, पुन्हा खेळात यायचा. प्रेक्षक शंभरेक होते आणि त्यांतले काही कुंपणावर बसले होते. चेंडूमागे धावणारे दोन धिप्पाड खेळाडू त्या कुंपणावर असे आदळले, की कुंपण प्रेक्षकांसकट खाली आले.

प्रिन्स्टनचे गडी उंच होते. ते पाहून रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट याने आपल्या साथीदारांना चेंडू जमिनीलगत ठेवायला सांगितले, आणि रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, प्रिन्स्टनच्या मैदानावर प्रिन्स्टनच्या नियमांनी दुसरा सामना झाला. तेथे उडालेला चेंडू झेलणाऱ्याला कोणाच्याही अडथळ्याशिवाय लाथ मारण्याची मुभा होती, आणि प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. तिसरा सामना झालाच नाही. मुलांचे अभ्यासावरचे लक्ष उडते अशी प्राध्यापकांची तक्रार होती, असे सांगतात. दोन सामने आणि दोघांचा एकेक विजय, एवढाच तो सारा हंगाम.

हे सॉकरच (म्हणजे भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ) होते, त्याला अमेरिकन फुटबॉलचा आरंभ का म्हणावे, असे काही जण म्हणतात. नियमांपुरते त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र पुढे जो खेळ बदलत गेला, तो याच कॉलेजांच्या आपसांतल्या सामन्यांतून बदलला, म्हणून मी आरंभ येथेच धरतो. हार्वर्डला चेंडू हातात घेण्याची मोकळीक हवी होती. १८७४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी खेळताना हार्वर्डच्या मुलांना चेंडू हातात धरून पळण्याच्या रग्बी खेळाची गोडी लागली आणि १८७६ साली स्प्रिंगफील्ड येथे जमलेल्या कॉलेजांनी रग्बीच्या धर्तीचे नियम स्वीकारले. येल कॉलेजचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० साली संघ अकरा जणांचा झाला आणि चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करण्याची पद्धत आली. दोनच वर्षांनी तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याचे बंधन आले. रग्बीदेखील इंग्लंडात फुटबॉलचाच एक प्रकार मानली जात होती, त्यामुळे चेंडू हातात आला तरी नवे नाव शोधण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

रटगर्सच्या त्या मैदानाच्या जागी, कॉलेज अव्हेन्यूवर, आता व्यायामशाळा उभी आहे. प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यांना मी तेथे घेऊन जातो आणि कुंपण कोसळल्याची हकिकत तेथेच उभे राहून सांगतो.