आमची वाटचाल: डिफॉल्ट ठरवताना

आम्ही तिघांनी टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी देणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतला तेव्हा सगळा जीव वेगात आणि फॉन्टमध्ये अडकलेला. एस्केप सिक्वेन्सचं, म्हणजे मजकुरातून टर्मिनलला दिलेल्या छुप्या हुकमांचं, धोरण एका वाक्यात संपलं होतं: १९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनलपासून एक्सटर्म या एम्युलेटरपर्यंत जे जे आलं ते सगळं चालवायचं, आणि सगळं पहिल्यापासून चालू.

मग एका ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या माणसाने सर्व्हरवरची लॉग फाइल नुसती कॅट केली, म्हणजे पडद्यावर दाखवली, आणि प्रॉम्प्टवर त्याने न लिहिलेली कमांड उभी राहिली. एंटर तेवढं दाबायचं बाकी होतं. नशिबाने त्याने विचारलं.

फाइल मागवून बाइट-बाइट वाचली. २७ क्रमांकाचं एस्केप अक्षर, मग खिडकीचं शीर्षक बदलायचा हुकूम, शीर्षकाच्या जागी कमांड, आणि लगेच ‘शीर्षक काय आहे?’ हा प्रश्न. आमचा टर्मिनल इमानदारीने उत्तर देत होता. हे उत्तर कीबोर्डच्याच वाटेने जातं, त्यामुळे माणसाने टाइप केलं की टर्मिनलने, हे शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळत नाही. हा धोका २००३ सालीच जाहीर झाला होता. आम्ही वाचलं नव्हतं, ही चूक पूर्णपणे आमची.

त्यानंतर प्रत्येक सिक्वेन्सला एकच प्रश्न लावला: उत्तरात मजकूर कोणाचा? कर्सर कुठे आहे याचं उत्तर नुसते आकडे असतं, आणि कितीतरी प्रोग्रॅम त्यावर चालतात. ते चालू ठेवलं. शीर्षक परत सांगणं बंद. क्लिपबोर्डवर लिहिणाऱ्या आणि तो वाचणाऱ्या ओएससी ५२ या सिक्वेन्सवर खरी वादावादी झाली. दूरच्या मशीनवरच्या एडिटरमधून कॉपी करणाऱ्यांना ते लागतंच. शेवटी लिहायला परवानगी दिली, पण लिहिलं की सूचना दिसते; वाचणं मात्र बंद. ब्रॅकेटेड पेस्टमध्येही, म्हणजे पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी आणि शेवटी खूण लावायच्या सोयीत, एक भोक सापडलं: पेस्टच्या मजकुरातच शेवटची खूण दडवली, तर उरलेला भाग टाइप केल्यासारखा जातो. आता ती खूण आम्ही आधीच गाळतो.

नवी आवृत्ती गेल्यावर एकांची जुनी स्क्रिप्ट अडली. ती शीर्षक वाचूनच चालायची. आम्ही डिफॉल्ट बदललं नाही. प्रोफाइलनुसार सेटिंग दिलं आणि ते चालू केल्याने काय उघडं पडतं, हे त्याच चौकटीत दोन ओळींत लिहिलं. त्यांनी त्या एका प्रोफाइलपुरतं ते चालू केलं.