पोफळीला फांदी नसते

वाऱ्यापुढे वाकतं तेच टिकतं, असं कुणी ऐकवायला लागलं की मी गप्प बसते. आमच्या श्रीवर्धनच्या वाडीत पोफळीइतकं वाकणारं दुसरं झाड नव्हतं. खोड दोन हातांच्या कवेत सहज मावेल एवढं आणि उंची चाळीस फुटांच्या वर. सुपारी काढायला चढलेला पाडेली खाली न उतरताच शेंड्याला झोका देऊन शेजारच्या पोफळीवर जायचा. लहानपणी आम्ही आ वासून ते बघत असू. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हाही त्या वाकल्या. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. वाकल्या, आणखी वाकल्या आणि मग कमरेतून मोडल्या. दुपार सरली तेव्हा, बाबा म्हणाले, वाडीतून समुद्र दिसत होता. तो आधी कधीच दिसला नव्हता.

मोडलेला आंबा फुटतो, चिंच फुटते, शेवग्याला तर मोडायचंच निमित्त हवं असतं. पोफळीला मात्र फांदी नसते. वाढायची जागा एकच, शेंड्यातला तो मऊ पांढरा कोंब. तो गेला की खोड उभं असलं तरी झाड संपलेलं. पुढे सरकारने झाडागणिक भरपाई ठरवली, माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50. आजोबांनी लावलेल्या पोफळींची मोजणी बाबांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर केली आणि बेरीज न करताच वही मिटली.

पुढच्या एप्रिलमध्ये बाबा गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दहा दिवसांत. मी डोंबिवलीत घरातच अडकलेली, स्वतःच तापाने फणफणलेली. शेवटचं दर्शन फोनवर, तेही रेंज जात-येत. जूनमध्ये गावी पोचले तेव्हा मला वाटलं होतं, आईला सावरायला चाललेय. आई वाडीत होती. गुडघ्यापर्यंत पातळ खोचलेलं, हातात कुदळ, बाजूला केळीच्या मुनव्यांचा ढीग.

"केळी कशाला गं आता?" मी विचारलं.

"सावलीला," ती म्हणाली. "अगो, पोफळीचं रोप उघड्यावर करपतं. आधी केळ, मग पोफळ."

एवढं साधं मला माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी मोठ्या पोफळींच्या सावलीत पडलेली सुपारी आपसूक रुजायची, तिची रोपं उपटून हवी तिथे लावली की झालं. वादळाने झाडं नेली तशी सावलीही नेली. आईने प्रत्येक खड्ड्याच्या नैऋत्येला, म्हणजे दुपारचं ऊन जिथून येतं त्या अंगाला, एकेक मुनवा लावला. रोपं तिने मागच्या पडवीत आधीच वाढवून ठेवली होती, पिशव्यांमध्ये, दोन-दोन पानांची. ती बाबांनीच रुजत घातली होती, हे तिने मला तेव्हा नाही, दोन दिवसांनी पिठलं ढवळता ढवळता सांगितलं.

त्या दिवसांत मला भेटायला येणारा प्रत्येक जण "खंबीर राहा" म्हणायचा. माणसं चांगल्या मनानेच म्हणतात, पण मला तेव्हा खंबीर नव्हतं राहायचं. कुणीतरी दुपारचं ऊन अडवून उभं राहिलं असतं तर हवं होतं. शेजारच्या काकू तशा निघाल्या. रोज चारला यायच्या, बाबांबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. पायरीवर बसून सुपारी कातरायच्या आणि त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगायच्या. अडकित्त्याचा तो कट्‌ कट्‌ आवाज ऐकत मला पहिल्यांदा झोप लागली, तीही दुपारची, तोंड उघडं टाकून.

पडलेल्या खोडांचं मग बरंच काही झालं. काही चिरून पाटाच्या पाण्याला पन्हळी केल्या, चार न्हाणीघराच्या मांडवाला लागली. एक अजून अंगणात आहे, बसायला. त्यावर कडी असतात, प्रत्येक गळालेल्या पानाचं एक. झाडाला पाणी कमी पडलं असेल तिथे ती जवळजवळ येतात, बरं चाललं असेल तिथे लांब. मी बसल्या बसल्या ती बोटांनी चाचपत असते. एका जागी सात-आठ कडी अगदी चिकटून आहेत. कुठल्या तरी उन्हाळ्यात रहाट मोडला असेल, किंवा घरात आजारपण असेल आणि शिंपायचं राहून गेलं असेल. सांगायला आता कुणी नाही. त्याच्या वर मात्र कडी पुन्हा वीतवीतभर लांब झालेली आहेत.

यंदा दोन पोफळींना पहिलं शिंपुट, म्हणजे सुपारीचा घोस, आलं. आमच्याकडची मोठ्या फळाची रोठा सुपारीच ती, पण पहिलीच खेप, फळं बोरांएवढी. रोपांनी आता केळींच्या वर डोकं काढलंय. खरं तर केळी काढायला हव्यात, खत आणि पाणी त्याच खातात. मी कोयता घेऊन निघाले तर आई पडवीतून ओरडली, "ती कोपऱ्यातली राहू दे हो, तिला घड लागलाय."

घड कोपऱ्यातल्या केळीला नव्हता. मी कोयता परत खुंटीला अडकवला.