आयपीव्ही६ मिळालं, परतीचा रूट मिळेना : माझा अनुभव

"सर, तुमचं नेट चालू आहे ना?" हा इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरचा प्रश्न आठवला की अजून डोकं तापतं. नेट चालूच होतं. नेट बंद आहे अशी माझी तक्रार कधी नव्हतीच.

मला घरून ऑफिसातल्या टॅलीच्या कॉम्प्युटरवर काम करायचं होतं. ऑफिसच्या राउटरचं स्टेटस पान उघडलं, तर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी पत्ता १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता दिसला की आपण सीजीनॅटमागे आहोत असं समजायचं. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनीने अनेक ग्राहक बसवलेले असतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या ठरावीक कॉम्प्युटरकडे वळवणं) करूनही बाहेरचं कुणी आत पोचत नाही. यासाठी मी कंपनीला बोल लावत नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते ३२ बिटांचे, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. नव्या आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा, तिथे ही टंचाईच नाही. म्हणून तेच मागितलं.

ते मिळालंही पटकन. राउटरला /५६ प्रीफिक्स (सुरुवातीचे ५६ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट्ठा) आलं, म्हणजे /६४ची २५६ नेटवर्क्स. कॉम्प्युटरला २ ने सुरू होणारा पत्ता बसला. (फक्त एफई८० ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल तर आनंद मानू नका, तो आपल्या लॅनबाहेर, म्हणजे आतल्या नेटवर्कबाहेर, जात नाही.)

आणि इथे गाडी अडली. राउटरवरून आयपीव्ही६ पिंग केलं, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते पाहिलं, की उत्तर येई, कॉम्प्युटरवरून केलं की काहीच नाही. राउटरवर पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची (पॅकेटांची) नोंद, लावलं. पॅकेट बाहेर जाताना स्वच्छ दिसत होतं, परत एकही येत नव्हतं. मग मोबाइल डेटावरून, ज्याला आयपीव्ही६ होतं, ट्रेसरूट मारला, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरांतून जातं ते पाहिलं. राउटरच्या वॅन पत्त्यापर्यंत सरळ पोचला. कॉम्प्युटरच्या पत्त्याचा मात्र दरवेळी कंपनीच्याच एका राउटरपाशी संपला.

दोष उघड होता. इंटरनेटवरचा कुठलाही राउटर पूर्ण वाट जाणत नाही. आपल्या टेबलात पत्त्याशी जास्तीत जास्त जुळणारं प्रीफिक्स शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. पोस्टाने घराला नंबर दिला, पण त्या बीटच्या पोस्टमनच्या यादीत तो चढवलाच नाही, तसं झालं होतं. माझं /५६ कंपनीच्या डीएचसीपीव्ही६ (पत्ते वाटणाऱ्या) सर्व्हरने दिलं, पण माझी लाइन ज्या राउटरवर संपते त्याच्या टेबलात त्या /५६चा रूट, म्हणजे तिकडे जायची वाट, नव्हता.

हे फोनवर सांगायचं कुणाला? राउटर रीस्टार्ट करा. केला. रीसेट करा. केला. वेबसाइट उघडतात का? उघडतात. मग तक्रार बंद. वेबसाइट उघडणारच, कारण आयपीव्ही६वरून उत्तर आलं नाही तर ब्राउझर क्षणभर थांबून आयपीव्ही४ वापरतो. वापरणाऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या या सोयीनेच माझी तक्रार खोटी ठरवली. मला न विचारता "समस्या सुटली" असा एसएमएस यायचा आणि मी पुन्हा नवी तक्रार नोंदवायचो. लाइनमन आला, त्याने फायबरची पॉवर मोजली, सिग्नल उत्तम आहे म्हणाला. बिचारा बरोबरच सांगत होता.

शेवटी मेलवर सगळं लेखी दिलं: दोन्ही ट्रेसरूट, कॅप्चरचा स्क्रीनशॉट आणि एकच वाक्य, "दिलेल्या /५६साठी परतीचा रूट लावलेला नाही, कृपया नेटवर्क टीमकडे पाठवा." नेटवर्क टीमच्या इंजिनिअरचा फोन आला. त्याला पहिल्याच वाक्यात कळलं. त्याने रूट लावला आणि मी फोनवर असतानाच पिंगला उत्तर यायला लागलं. इतका मोकळा श्वास कित्येक दिवसांत घेतला नव्हता. तेव्हा फोनवर वेळ घालवू नका, मेल करा आणि त्यात "नेट स्लो" असले शब्द चुकूनही घालू नका.

आधी सांगायचं राहिलं: प्रीफिक्स कायमचं आहे का ते सुरुवातीलाच विचारा. माझं लाइन तुटून जोडली की बदलतं, म्हणून डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एकाच नावाला जोडून ठेवणारी सोय) लावलं. सुरक्षेच्या नावाखाली कुणी आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कमधले निरोप पोचवणारी पद्धत) सरसकट बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. आयपीव्ही६मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, "पॅकेट फार मोठं आहे" असा निरोप त्यावरूनच पाठवतात. तो अडला तर काही साइट अर्ध्यात लटकतात. बाकी फायरवॉल चालूच ठेवा, बाहेरून आत यायच्या वाटा बंदच राहू द्या. मी वायरगार्ड या व्हीपीएनचा (सुरक्षित खासगी जोडणीचा) एक यूडीपी पोर्ट तेवढा उघडला आहे, रिमोट डेस्कटॉप थेट बाहेर उघडा टाकलेला नाही.