सायखेड्याला पाणी किती वाजता येणार?

जुलै उजाडला की नाशिकात एकच प्रश्न असतो, "गंगापूर किती टक्के?" म्हणजे शहराच्या वरचं गंगापूर धरण किती भरलं? पेपरात रोज तक्ता येतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, रिक्षावाले दादाही टक्के सांगतात. माझं माहेर खाली गोदावरीकाठच्या सायखेड्याचं. तिथे टक्क्यांना कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, विसर्ग किती, म्हणजे धरणातून पाणी किती सोडलं, आणि पाणी किती वाजता येईल? कारण नदीकाठी पाणी उपसायच्या मोटारी असतात आणि पाणी चढायच्या आत त्या काढाव्या लागतात. गेल्या पावसाळ्यात मामांनी फोनवर विचारलं, "अगं, तुझं ते कॉम्प्युटर सांगतं का, मोटार रात्रीच काढू का सकाळी काढली तर चालंल?"

मी सिव्हिलच्या मुलांना जलविज्ञान शिकवते. मामांचा हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते, कारण नदी आणि धरणांचं संगणकावरचं मॉडेल नेमकं याचसाठी असतं. आम्ही एचईसी-रेसिम वापरतो. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांच्या जलविज्ञान केंद्राने केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात धरणं, नदीचे पट्टे, संगम आणि कालवे नकाशावर मांडायचे, प्रत्येक धरणाला नियम लावून द्यायचे आणि मग आवक, म्हणजे वरून येणारं पाणी, सोडायची. आमच्या नकाशात वर गंगापूर, काश्यपी, गौतमी आणि आळंदी, दुसऱ्या बाजूला दारणा, भावली आणि मुकणे, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि शेवटी पैठणचं जायकवाडी धरण.

धरणाचा हिशोब सरळ असतो. आधीचा साठा, अधिक आवक, वजा विसर्ग, वजा बाष्पीभवन. 100 चौरस किलोमीटर पाणलोटातून 100 मिलिमीटर पाऊस सगळाच्या सगळा वाहून आला तर 353 दलघफू (दशलक्ष घनफूट) पाणी होतं. प्रत्यक्षात थोडं मुरतं. पण ऑगस्टमध्ये त्र्यंबक-अंबोलीकडची जमीन भिजून तट्ट झालेली असते, तेव्हा मुरायला फारशी जागा राहत नाही. साठा मोजायचा तो पातळीवरून, आणि पातळी-साठ्याचा तक्ता जुना असेल तर पुढचं सगळं चुकतं. गंगापूरची मूळ क्षमता 7,200 दलघफू होती, गाळामुळे आता 5,630 धरतात. मुलांना मी आधी हा तक्ता तपासायला लावते, मगच मॉडेलला हात.

खरी गोष्ट नदीच्या पट्ट्यात आहे. धरणाच्या दारातून सुटलेलं पाणी खाली जसंच्या तसं पोहोचत नाही, ते पसरत आणि रेंगाळत जातं. वर्गातलं एक उदाहरण देते. आकडे शिकवण्यापुरते आहेत, कुठल्या खऱ्या पुराचे नाहीत. समजा पट्टा पार करायला पाण्याला चार तास लागतात. सकाळी 6 ते 8 या वेळात विसर्ग टप्प्याटप्प्याने 1,000 वरून 10,000 क्यूसेकवर (क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) नेला आणि तिथेच ठेवला. मस्किंगम नावाच्या पद्धतीने (पट्ट्यात पाणी किती रेंगाळतं ते धरणारा हा हिशोब), त्यातला दुसरा गुणांक 0.2 धरून, दोन-दोन तासांनी खालचा प्रवाह काढला तर 8 वाजता येतात जेमतेम 1,430 क्यूसेक. 10 वाजता 5,500. दुपारी 12 ला 7,650 आणि 2 वाजता 8,770. म्हणजे सकाळी आठला काठावर उभं राहून "काही नाही, पाणी तर आलंच नाही" म्हणणारा माणूस दहाच्या सुमाराला अडकतो. मुलं ही आकडेमोड वहीत हाताने करतात आणि तेव्हाच त्यांना ते पटतं.

आता यात दारणा घाला. दारणा धरण 1916 सालचं, गंगापूर 1965 चं. दोघांचं पाणी वेगवेगळ्या वाटेने येतं आणि दारणासांगवीपाशी एक होतं. मधे शहरात नासर्डी आणि वाघाडी आपलं पाणी घालतात, म्हणून होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्याहून वेगळा असतो. सायखेडा-चांदोरीचा पूर एकट्या कुठल्या धरणाचा नसतो, दोन लोंढे एकाच वेळी आले की तो होतो. रेसिममध्ये यासाठी एक नियम लावता येतो. खालच्या अमुक ठिकाणी प्रवाह अमुक क्यूसेकच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं सांगायचं. मग मॉडेल पाण्याला पोहोचायला लागणारा वेळ मागे मोजतं आणि कुठल्या धरणाने कधी हात आखडता घ्यायचा ते काढतं. एका धरणाने तीन तास थांबलं तरी खाली फरक पडू शकतो. अर्थात वर जागा असेल तरच थांबता येतं.

आणि जागा ठेवणं हेच सगळ्यात अवघड. जुलैअखेर किती भरायचं, ऑगस्टअखेर किती, हे जलाशय परिचालन सूचीत ठरलेलं असतं. धरण भरलेलं नसताना पाणी सोडलं की शहरात ओरड होते, "अजून भरलं नाही आणि सोडताय कशाला?" ओरडणाऱ्यांना मी दोष देत नाही, मे महिन्यातली पाणीकपात मीही भोगली आहे. पण 2008 च्या सप्टेंबरात आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटाचं काय झालं तेही आपण पाहिलंय. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर पूर जोखणारं हे शहर आहे. धरणात 500 दलघफूची जागा राखली तर बाहेर सोडतो त्याहून 10,000 क्यूसेक जास्तीची आवक तेवढ्यात 14 तास मावते. हे 14 तास चांदोरीच्या बाजारपेठेला माल वर हलवायला पुरतात. त्यासाठी दुष्काळाची किती जोखीम घ्यायची, हे मात्र माणसांनी ठरवायचं. मॉडेल एवढंच करतं की तोच नियम मागच्या सगळ्या ओल्या-कोरड्या वर्षांतून फिरवून दाखवतं. कुठल्या वर्षी टंचाई आली असती आणि कुठल्या वर्षी पूर वाचला असता, ते समोर येतं.

वरच्या धरणांनी मराठवाड्यातल्या जायकवाडीला किती पाणी सोडायचं, हा वादही मला याच नजरेने बघावासा वाटतो. या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालातल्या कोष्टकांनुसार, जायकवाडीचा उपयुक्त साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. पूर्ण उपयुक्त साठा 76.65 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे 1,000 दलघफू), म्हणजे रेषा साधारण 50 टीएमसीवर. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला. वरून सुटलेलं आणि पैठणला पोहोचलेलं पाणी यांत तफावत पडते. पात्र कोरडं असतं, कोल्हापुरी (केटी) बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या मोटारींची वीज तोडावी लागते. ही तूट प्रत्येक पट्ट्यात किती, हे नाशिक आणि मराठवाडा दोघांनी एकाच मॉडेलवर बसून बघावं असं मला मनापासून वाटतं. दोन्हीकडचे शेतकरी माझेच आहेत, माझी आतेबहीण गंगापूर तालुक्यात दिली आहे. तेही गंगापूरच, पण ते जायकवाडीच्या काठचं.

मामांना मी त्या दिवशी सांगितलं की मोटार रात्रीच काढा. त्याला मॉडेल लागलं नाही, दारणाचा वाढलेला विसर्ग पुरेसा होता. पण विसर्गाच्या सूचनेत क्यूसेकच्या शेजारी आणखी एक रकाना यायला हवा: होळकर पूल इतक्या वाजता, सायखेडा पूल इतक्या वाजता, नांदूरमध्यमेश्वर इतक्या वाजता, आणि प्रत्येकाला तासाभराची मागे-पुढे सवलत. या वर्षी आमची मुलं मॉडेलला कादवा नदी जोडताहेत. ती नांदूरमध्यमेश्वरला येऊन मिळते, आणि तिच्याशिवाय त्या रकान्यातली शेवटची वेळ भरता येत नाही.